अकरा रुपयांची माळ

चंद्रपुरात चांदी लवकर काळी पडते. खाणींची धूळ, वीजकेंद्राचा धूर, भट्टीसारखा उन्हाळा. नवे पैंजण दोन आठवड्यांत मंद होतात आणि पेटीत ठेवलेलं कडं वर्षभरात शिशाचं वाटू लागतं. त्यामुळे इथल्या लोकांना चांदी घासायची खोडच आहे. चिंच, राख, दातांची पेस्ट, जे हाताला लागेल ते.

सरिता मेश्राम या खोडीवर नाव कमावून बसली होती. ती एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती, वय शेहेचाळीस. जुनी नाणी जमवणारे लोक नागपूर-अमरावतीहून तिच्याकडे नाणी आणत आणि एकच गोष्ट विचारत: हे धुतलंय का? कारण घासलेल्या नाण्याला जमवणाऱ्यांच्या दुनियेत कोणी हात लावत नाही. सरिता नाणं खिडकीच्या उजेडात तिरकं धरायची, भिंग डोळ्याला लावायची. न धुतलेल्या नाण्यावर चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. धुतलेलं नाणं पांढरं असतं, पण मेलेलं. कसंही फिरवा, चमक जागची हलत नाही. घासलेलं असेल तर मोकळ्या जागेत केसासारखे बारीक ओरखडे दिसतात, सगळे एका दिशेचे, आणि अक्षरांच्या कोपऱ्यात राखेचा कण अडकून राहिलेला असतो. मग ती चिठ्ठीवर लिहायची: ‘धुतलेलं’. नाहीतर ‘न धुतलेलं’. फार क्वचित, ‘सांगता येत नाही’. तिच्याकडे आलेली माणसं बहुतेक तोंड पाडूनच परत जात.

माघातल्या एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, प्रयोगशाळेच्या दारात एक तिशीचा माणूस येऊन उभा राहिला. हातात कापडी पिशवी. चपला त्यानं बाहेरच काढल्या होत्या.

“सराफानं पाठवलं मले,” तो म्हणाला. “सरिताबाई तुमीच का?”

“मीच. या भाऊ, बसा. चप्पल घालून या, इथी ॲसिड सांडते.”

तो चप्पल घालून आला, पण बसला नाही. त्याचं नाव मुखरू मडावी. गाव कोसमटोला, मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला. पिशवीतून त्यानं एक गमछा काढला, तो टेबलावर उलगडला आणि दोन पावलं मागे सरला.

आत रुपयांची माळ होती. अकरा जुने चांदीचे रुपये, प्रत्येकाला वरून कडी डाग देऊन बसवलेली, सगळे मेण लावलेल्या काळ्या जाड दोऱ्यात ओवलेले. तीन राणीछाप, एक टकल्या एडवर्डाचा, बाकी सगळे पंचम जॉर्जचे. गोंडांच्या घरात सुनेच्या गळ्यात अशी माळ असतेच. कडी लावलेलं नाणं बाजारात जमवणारा घेत नाही, हे सरिताला माहीत होतं, आणि तसं ती सांगणारही होती.

“विकाची नाई,” तो आधीच म्हणाला. “मले फक्त सांगा, हे कोनी घासून राह्यलं का.”

सरितानं भिंग उचललं. पहिलं नाणं, दुसरं, तिसरं. अकराही पाहून झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

ओरखडे नव्हते. राख नव्हती, चिंचेचा लालसर डाग नव्हता. राणीचा गाल, मुकुटाची टोकं, जॉर्जच्या दाढीचा फुगवटा, असे सगळे उंच भाग गुळगुळीत होऊन मऊ उजळले होते, आणि अक्षरांच्या खोबणीत जुना काळा मळ जसाच्या तसा होता. हे घासून होत नाही. घासणाऱ्याचं बोट खोबणीतही जातं. अशी झळाळी एकाच गोष्टीनं येते. अंगावर घालून. रोज, दिवसभर, घामात, कातडीवर घासून.

“कोनीच घासलं नाई हे,” ती म्हणाली. “घरची बाई रोज घालते ना, तेच हे.”

मुखरूचा हात टेबलाच्या कडेवर होता, तो त्यानं काढून घेतला.

“दहा महिने झाले, बाई,” तो म्हणाला. “कोनीच नाई घातली.”

मग त्यानं सांगितलं ते तुटक तुटक होतं. चैतात त्याची बायको पिंकी पहाटेला मोहफुलं वेचायला गेली. वेचताना वाकावं लागतं, माळ आड येते, म्हणून खुंटीला अडकवून गेली. दहा वाजले तरी परतली नाही. माणसं गेली. मोहाखाली टोपली होती, भरलेली, सरळ ठेवलेली. झाडाखालची जमीन झाडून साफ केलेली. रक्त नाही, ओढत नेल्याची खूण नाही, फाटका कपडा नाही. जंगलखात्याची माणसं पाच दिवस फिरली. वाघ म्हणाले आणि गेले.

“वाघ टोपली सरळ ठेवते काय?” मुखरू म्हणाला. पुष्कळदा विचारून झालेला प्रश्न असावा. उत्तराची वाट न पाहता तो पुढे बोलला. “माळ तशीच खुंटीले होती. चुलीच्या धुरानं बाकीची चांदी काळी झाली, मायची पाटली काळी झाली. हे नाई झाली. आता गाव म्हणते, फाल्गुनात दगड उभा करू तिचा. दगड उभा केला का मानूस पितरात गेलं, मंग त्याची वाट पाहाची नाई. मी म्हटलं, माळ पाहा. ते म्हनते, मुखरू, तूच घासत असशीन. मायले विचारलं, तिनं शपथ घेतली.”

मग त्याचा आवाज खाली आला.

“मले बी वाटते कधी कधी, झोपेत मीच करत असन. डोस्कं फिरलं असन माहं. तुमी सांगा, बाई. मीच करून राह्यलो का हे?”

सरिताच्या माहेरी नवस, अंगारे, उतारे यांना जागा नव्हती. वडिलांनी पोरींना शिकवलं होतं की आधी तपासायचं. तिला वाटलं, सासू शपथ घेऊनही दुपारी गळ्यात घालून बसत असेल. सुनेची आठवण येत असेल. त्यात भुताटकी काही नाही आणि वेड तर मुळीच नाही.

“आठ दिवस ठेवून जा माझ्याजवळ,” ती म्हणाली. “कोनाचाच हात लागणार नाई, मंग पाहू.”

तो गेल्यावर तिनं काम नीट हाती घेतलं. शुद्ध केलेल्या पाण्यात माळ बुडवून ते पाणी परीक्षानळीत घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. पाणी दुधासारखं फुटलं. मीठ. म्हणजे घाम. सासूबद्दलचा अंदाज बरोबर होता तर. तिनं माळ सहा वेळा धुतली, थेंब टाकूनही पाणी नितळ राहीपर्यंत. वाळवली. मग ओल आत शिरू नये म्हणून वापरतात त्या जाड काचेच्या घट्ट भांड्यात ठेवली. भांड्याच्या तळाशी ओल शोषणारे निळे खडे होते. त्यांना ओल लागली की ते गुलाबी होतात. झाकणाला ग्रीस, वर कागदाची पट्टी, पट्टीवर सही आणि तारीख. भांडं काचेच्या दाराच्या कपाटात, किल्ली पर्समध्ये.

बुधवारी वरचे खडे जांभळे दिसले.

शुक्रवारी सगळे गुलाबी झाले होते. पट्टी शाबूत, सही शाबूत. सरितानं झाकण उघडून माळ पाण्यात बुडवली, थेंब टाकला. पाणी दुधासारखं फुटलं.

तिला राग आला. स्वतःचा. ग्रीस कमी पडलं असेल, नळी खारट राहिली असेल, पहिल्या वेळी धुण्यात चूक झाली असेल. तिनं नवं भांडं काढलं, नवे खडे भाजून निळे करून घेतले. या वेळी माळेशेजारी आपल्या संग्रहातला एक पंचम जॉर्जचा रुपया ठेवला. बारा नाण्यांवर मेणबत्तीच्या काजळीचा हात दिला, इतका की राजाराणीचे चेहरे दिसेनासे झाले. भांडं बंद केलं. या वेळी दोन पट्ट्या, दोन सह्या.

शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं. वऱ्हांड्यात शिपाई बादल्या आपटत होता. तीन वाजले होते, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट कपाटावर पडलं होतं. सरिता पर्स उचलून निघालीच होती, सवयीनं वळून पाहिलं.

तिचा रुपया काळा होता. माळेचे अकरा रुपये होते त्या जागीच होते, पण गालांवरची काजळी गेली होती. अक्षरांत होती. गालांवर, मुकुटांवर, दाढ्यांवर नव्हती.

ती कपाटाजवळ गेली.

भांड्याच्या आतल्या बाजूनं काचेवर वाफ होती. रुपयाएवढा गोल, पुसट. ती पाहत असतानाच तो विरला.

मग परत आला.

सरितानं आपला श्वास रोखला. तिच्या आणि भांड्याच्या मध्ये कपाटाची काच होती, तरी रोखला.

वाफ आली. विरली. आली.

मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत तिनं मोजलं. मिनिटाला सोळा.

वऱ्हांड्यातला शिपाई म्हणाला, “मॅडम, कुलूप लावू का?” आणि ती म्हणाली, “थांबा जरा.” तिचा आवाज नेहमीसारखा होता याचं तिला नंतर नवल वाटलं. भीती वाटली होती, खोटं कशाला सांगायचं. पण घरी जाताना बसमध्ये तिला कळलं की ती भीतीपेक्षा दुसऱ्याच कशानं भरून आली आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे असं उत्तर होतं, जे ऐकून समोरच्याचं तोंड पडणार नव्हतं.

सोमवारी मुखरू आला तेव्हा ती म्हणाली, “मी येतो तुमच्या गावाले. दगड कधी हाय?”

“फाल्गुनात. पुनवेच्या आधी, बुधवारी.”

“तोवर माळ माझ्याजवळच राहू द्या. मीच घेऊन येतो, हातानं.”

त्या बुधवारी सकाळी सरितानं माळ बिस्किटांच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. ठेवण्याआधी सवयीनं सगळी पाहून घेतली, नाणी, कड्या, दोरा. दोरा कोरडा, मेणचट, सरळ. डब्याला सुतळी बांधली, सुतळीच्या गाठीवर लाख लावली. अहेरीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. डबा पूर्ण वेळ मांडीवर होता. गोंडपिपरी गेलं, मग वैनगंगेचा लांब पूल, आष्टीला चहासाठी सगळे उतरले तरी ती उतरली नाही. पुढे फाट्यावर मुखरू मोटरसायकल घेऊन उभा होता. मुलचेऱ्याच्या वाटेवर बंगाल्यांची गावं लागली, केळी, तळी, सायकलवर मासळीची टोपली घेऊन निघालेला म्हातारा. नंतर नुसतं जंगल. मोहाची पानं गळून गेली होती आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लागले होते. अजून पंधरा दिवसांत फुलं गळू लागली असती.

कोसमटोल्यात वेशीजवळ दगड आणून आडवा ठेवला होता. माणसाच्या खांद्याएवढा, नदीतला, करडा. सभोवती पंधरा-वीस माणसं बसलेली. गावचा भूमिया कोलू म्हणून एक म्हातारा होता, उन्हापावसानं रापलेला, फार कमी बोलणारा. गावातला कोणताही विधी त्याच्या शब्दाशिवाय होत नसे. त्यानं सरिताला खाट दिली, पाणी दिलं, तिचं पाणी पिऊन होऊ दिलं.

“मुखरू म्हनते, तुमाले चांदीतलं समजते.”

“समजते, कोलूभाऊ. तेवढंच समजते.”

“मंग सांगा.”

सरितानं सांगितलं. भांडं, कुलूप, सह्या, काजळी. वाफेचंही सांगितलं. ती कॉलेजात बोलते तशीच बोलली, जे पाहिलं तेवढंच, पुढेमागे काही न जोडता. शेवटी म्हणाली, “मुखरूभाऊनं नाई घासली. त्याच्या मायनं नाई. माळ धुतलेली नाई, घासलेली नाई. घातलेली हाय. आज बी.”

मुखरू दगडाच्या पलीकडे उभा होता. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही, सगळे जमिनीकडे पाहत राहिले.

“कुठी हाय मंग ते?” मागून एका बाईनं विचारलं.

“ते मले नाई सांगता येत,” सरिता म्हणाली.

कोलू उठला, दगडाजवळ गेला आणि त्यावर तळहात ठेवून गोंडीत काही पुटपुटला. मराठीत एवढंच म्हणाला, “घातलेली हाय म्हनते बाई. मंग हे कोनासाठी उभा करता? नेऊन टाका नदीत.”

चार जणांनी दगड लाकडांवर घेतला आणि उचलून नेला. मुखरूही त्यांच्यात होता. त्याला वजन लागतच नसल्यासारखा तो चालत होता आणि मधेच कोणाशी तरी हसून बोलला. पुढच्या बाजूला असलेला माणूस वळून त्याच्याकडे पाहतच राहिला.

मुखरूची आई केसरबाई सरिताला घरी घेऊन गेली. सारवलेली पडवी, आत चूल, भिंतीला रिकामी खुंटी. म्हातारीनं तिला आंबील दिली. सरितानं डबा मांडीवर घेतला, लाखेची गाठ केसरबाईला दाखवली, तिच्यासमोर ती तोडली आणि झाकण काढलं.

रुपये उजळ होते. तिनं माळ उचलून दोन्ही हातांवर घेतली आणि थांबली. दोरा ओला होता. सगळा नव्हे, मधल्या राणीछापाशेजारी बोटभर तुकडा. तिथलं मेण निघून गेलं होतं आणि सूत चोथ्यासारखं फुगलं होतं. तिनं भिंग काढलं. सुतात दोन खळगे होते, शेजारी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढे. खाली आणखी दोन. आणखी दोन.

“उंदरानं कुरतडलं असन,” ती म्हणाली. आपण काय बोलतोय हे तिला कळत होतं. डबा सकाळपासून तिच्या मांडीवर होता.

केसरबाईनं माळ आपल्याकडे घेतली. भिंग नको म्हणाली. डोळे मिटून तिनं अंगठ्याचं टोक त्या खळग्यांवरून फिरवलं, एकदा, दोनदा.

“उंदराचं असं नसते,” ती म्हणाली.

मुखरू नदीवरून परतला होता, गुडघ्यापर्यंत ओला, पडवीच्या पायरीशी उभा. आईच्या हातातला दोरा त्यानं पाहिला. त्याचं हसू गेलं नाही, पण तो पायरी चढला नाही.

“पाचवा होता तिले,” तो सरिताला म्हणाला. “तुमाले नाई सांगितलं मी. दोघंही गेले, असं तोंडातून निघतच नोतं, बाई.”

सरिता बोटांवर मोजू लागली. चैतात पाचवा. म्हणजे श्रावण. श्रावणापासून फाल्गुन. सात महिने. मोजून झाल्यावरही तिचा अंगठा बोटाच्या पेरावर तसाच राहिला.

“खालचे दोनच दात आले हायेत,” केसरबाई म्हणाली. “वरचे याचे हायेत अजून.”

ती उठून आत गेली आणि पांढऱ्या मऊ सुताची गुंडी घेऊन आली. पडवीत उजेडाला बसून तिनं काळा दोरा सोडला आणि एकेक रुपया नव्या सुतात ओवायला घेतला. अकराही झाले. शेवटी गाठ मारली, दातांनी टोक तोडलं, आणि ती गाठ आपल्या खालच्या ओठावरून हळूहळू फिरवून पाहिली, कुठे टोचत तर नाही ना म्हणून.